दुखत नसताना गोळी कशासाठी?



आज ज्या गोळीबद्दल बोलणार आहोत ती दुखण्यावरची नाही. आशाताई दारात येते, घरात माणसं किती ते विचारते, वही उघडते आणि म्हणते, "सगळ्यांनी माझ्यासमोर घ्यायच्या." आपण म्हणतो, "आम्हाला तर काहीच झालेलं नाही. ठेवून जा ना, रात्री जेवल्यावर घेऊ." तिला अजून पंचवीस घरं फिरायची असतात. ती ठेवून जाते. मग ती पुडी टीव्हीमागे जाते, नाहीतर देव्हाऱ्याच्या फळीवर, आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडते.

ही गोळी हत्तीरोगावरची. आपण ज्याला हत्तीपाय म्हणतो तो आजार. पाय सुजून खांबासारखा होतो, कातडी जाड पडते, तिला भेगा जातात. पुरुषांमध्ये पुष्कळदा पाय नाही, तर वृषणाची पिशवी सुजते; तिला अंडवृद्धी किंवा हायड्रोसील म्हणतात. ते कोणी सांगत नाही, लुंगीखाली लपवतात. बाईचा पाय साडीखाली लपतो. त्यामुळे आपल्याला वाटतं, हा आजार आपल्याकडे नाही, लांब कुठेतरी आहे.

आता लांबचं की जवळचं, ते आधी बघू. राज्यातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या सरकारी यादीत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर, नांदेड, सोलापूर, सिंधुदुर्ग आहेत, तसे आपले ठाणे आणि पालघरही आहेत. याचा अर्थ उल्हासनगरच्या प्रत्येक गल्लीत किंवा बदलापूरच्या प्रत्येक पाड्यावर आजार आहे असा नाही. औषध वाटपाची मोहीम अलीकडे तालुका धरून आखतात. ज्या तालुक्यात रक्ततपासणीत जंतू सापडतात तिथेच ती होते. पण आपल्या तीन शहरांकडे आणि त्यांच्या भोवतीच्या गावांकडे बघा. अंबरनाथच्या एमआयडीसीत विदर्भातली, मराठवाड्यातली, बिहार-उत्तर प्रदेशातली माणसं कामाला आहेत. बदलापूरला चाळींत नि नव्या इमारतींत राहणाऱ्या कितीतरी घरांचं मूळ गाव दुसऱ्या जिल्ह्यात आहे. वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर बाहेरच्या तालुक्यांतली कुटुंबं येतात. माणसं येतात-जातात, त्यांच्या रक्तातून जंतूही येतात-जातात. म्हणून मोहीम तुमच्या गावात लागो, माहेरी लागो की सासरच्या मूळ गावी, गोळी समोर आली तर ती का घ्यायची हे ठाऊक असलेलं बरं.

न मागता मिळणारी एक गोळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेच. अंगणवाडीत आणि शाळेत १० फेब्रुवारीला जंतनाशक दिन असतो. २०१५ पासून ही गोळी मुलांना देतात. तिचं नाव अल्बेंडाझोल. त्या गोळीवर आपण फारसा वाद घालत नाही. पोटातला जंत आपल्या माहितीतला असतो, कधी मुलाच्या शौचात पडलेला आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो. हत्तीरोगाचा जंत मात्र कोणाच्या नजरेला पडत नाही. आणि गंमत अशी की हत्तीरोगाच्या मोहिमेत जी औषधं देतात त्यातलं एक हेच अल्बेंडाझोल आहे. म्हणजे अर्धी ओळख झालेलीच आहे.

उरलेली ओळख करून घेऊ.

हा जंत दोऱ्यासारखा असतो. पोटात राहत नाही. अंगातलं जादा पाणी गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या आपल्या शरीरात असतात, लसिकावाहिन्या म्हणतात त्यांना. शेतातल्या पाटासारख्या. या पाटात नर-मादी घर करतात. मादी चांगली आठ-दहा सेंटिमीटर लांब वाढते. चार-सहा वर्षं तिथेच जगते आणि लाखो पिल्लं रक्तात सोडत राहते. ही पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. पाट हळूहळू खराब होतो, पाणी तुंबतं, सूज येते. पण हे व्हायला वर्षानुवर्षं लागतात. लागण पुष्कळदा लहानपणीच झालेली असते आणि पाय सुजतो तेव्हा बाई पस्तिशीची झालेली असते. मधली पंधरा-वीस वर्षं ती धडधाकट असते. भात लावते, डोक्यावर पाणी आणते, पहाटेची लोकल पकडते. तिला काहीही होत नाही. फक्त रात्री तिला चावलेला डास तिच्या रक्तातली पिल्लं घेऊन जातो, आणि दहा-बारा दिवसांनी दुसऱ्या कोणाला चावताना ती तिथे सोडतो.

हा मुद्दा नीट ध्यानात घ्या, कारण सगळी मोहीम यावर उभी आहे. ज्याचा पाय सुजलाय त्याच्याकडूनच आजार पसरतो असं नाही. उलट, पाय खूप सुजलेल्या माणसाच्या रक्तात पुष्कळदा पिल्लं सापडतच नाहीत. पसरतो तो ज्याला काहीच झालेलं नाही त्याच्याकडून. म्हणून हत्तीपाय झालेल्या बाईला बाजूला बसवणं, तिच्या हातचं पाणी न पिणं, तिच्या मुलीचं लग्न अडवणं, हे सगळं अज्ञानाचं आहे. आजार शिवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, आईकडून पोटातल्या बाळाला वारसा म्हणून जात नाही. डास चावून होतो, तोही एकदोनदा चावून सहसा नाही, महिनोन्‌महिने चावत राहून.

मग कोणाच्या रक्तात पिल्लं आहेत ते तपासून त्यालाच गोळी का देत नाहीत? हा प्रश्न आम्हाला गटांच्या बैठकीत दरवेळी कोणीतरी विचारतं, आणि प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर रात्रीत दडलेलं आहे.

या पिल्लांना घड्याळ कळतं. दिवसा ती फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत खोल दडून बसतात. रात्र झाली, माणूस झोपला, की कातडीजवळच्या रक्तात येतात. का? कारण त्यांना नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. म्हणून दिवसा दवाखान्यात बोटातून रक्त घेऊन काचेवर पसरलं तर बहुतेकदा काहीच दिसत नाही. तापात मलेरियासाठी दिवसा घेतलेल्या रक्ताचा अहवाल चांगला आला म्हणून हत्तीरोग नाही, असं म्हणता येत नाही. त्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना रात्री नऊ-दहाच्या पुढे, लोक झोपायच्या वेळेला दारं वाजवावी लागतात. ही गोष्ट शोधून काढली पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टरनं, १८७७ च्या सुमारास, चीनमध्ये काम करताना. डास माणसाचा आजार वाहतो हे पहिल्यांदा कळलं ते हत्तीरोगामुळे. मलेरियाचा डास रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला सापडला तो त्यानंतर वीस वर्षांनी.

आता लाखो माणसांचं रक्त मध्यरात्री, तेही दरवर्षी कोण तपासणार? त्यापेक्षा औषध स्वस्त आहे, सुरक्षित आहे, आणि ज्याच्या रक्तात जंतू नाहीत त्यालाही त्यानं अपाय होत नाही. म्हणून रीत उलटी केली. तालुक्यातल्या थोड्या गावांत रात्री रक्त तपासायचं, शंभरात एक किंवा त्याहून जास्त जणांच्या रक्तात पिल्लं सापडली की त्या भागातल्या सगळ्यांना औषध द्यायचं.

हे असंच सुचलेलं नाही. देशात हत्तीरोग नियंत्रणाचा कार्यक्रम १९५५ पासून आहे. तेव्हा भर डास मारण्यावर आणि आजारी शोधून औषध देण्यावर होता. काही जिल्ह्यांत हत्तीरोग नियंत्रण पथकं आजही आहेत, ते नाव तुम्ही ऐकलं असेल. आपल्याच राज्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या आजारावर अनेक वर्षं संशोधन झालं. पण आजार हटेना. २००४ पासून देशभर सगळ्यांना वर्षातून एकदा डीईसीची गोळी द्यायला सुरुवात झाली. २००७ पासून तिच्या जोडीला अल्बेंडाझोल आलं. जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात या दोहोंच्या सोबत तिसरं औषध, आयव्हरमेक्टिन, द्यायला सुरुवात झाली. देशातल्या सुरुवातीच्या मोजक्या जिल्ह्यांपैकी नागपूर हा एक. हे तिसरं औषध मूळचं जपानच्या मातीतल्या एका जंतूपासून मिळालं, आणि ते शोधणाऱ्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. मातीतून आलेलं औषध म्हटलं की आपल्याला जरा आपलं वाटतं, म्हणून सांगितलं.

दरवर्षी का घ्यायची? एकदा घेऊन का भागत नाही? शेतावर काम करणाऱ्या बाईला हे समजायला वेळ लागत नाही. लव्हाळा किती वेळा खुरपला तरी पुन्हा येतो, कारण त्याची गाठ खाली जमिनीत असते. हत्तीरोगाची मादी ही ती गाठ. गोळीनं रक्तातली पिल्लं मरतात, मादी काही काळ थंडावते, पण सगळ्या माद्या मरत नाहीत. वर्षभरात पुन्हा पिल्लं दिसू लागतात. तेवढ्यात पुढची गोळी आली की तीही मरतात. असं मादीचं आयुष्य संपेपर्यंत करत राहायचं. म्हणून दोन औषधांची मोहीम निदान पाच वर्षं चालवतात. तीन औषधांनी पिल्लं जास्त काळ दबून राहतात, त्यामुळे थोड्या वर्षांत काम होतं. मधेच एक वर्ष चुकलं तर लव्हाळ्यानं पुन्हा डोकं वर काढलं म्हणून समजा.

आणि आपण एकट्यानं घेऊनही भागत नाही. एकूण लोकसंख्येतल्या शंभरातल्या निदान ६५ जणांनी गोळी खरोखर गिळली, तर डासाला रक्तात पिल्लं मिळेनाशी होतात आणि साखळी तुटते. हजार वस्तीचं गाव धरा. दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया, खूप आजारी माणसं यांना नियमानंच गोळी देत नाहीत. उरलेल्यांतून साडेसहाशे जण हवेत. आता प्रत्येक घरातल्या एका पुरुषानं "मी नंतर घेतो" म्हटलं तर आकडा कुठल्या कुठे घसरतो. वहीत मात्र तो घसरत नाही. वहीत लिहिलेलं असतं ते वाटप. वाटलेली गोळी आणि गिळलेली गोळी यांत जे अंतर आहे, त्या अंतरात हा आजार इतकी वर्षं टिकून आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. म्हणून आशाताई "माझ्यासमोर घ्या" म्हणते तेव्हा तो अविश्वास समजू नका. काही ठिकाणी गोळी घेतल्यावर बोटाला शाई लावतात, मतदानासारखी. तिलाही हसू नका.

गोळ्या किती, तेही सांगतो, म्हणजे मूठभर गोळ्या बघून धसका बसणार नाही. डीईसीची गोळी शंभर मिलिग्रॅमची. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला एक, सहा ते चौदा वर्षांपर्यंत दोन, पंधराच्या पुढे सगळ्यांना तीन. अल्बेंडाझोल एकच, आणि ती चावून खायची. आयव्हरमेक्टिन देत असतील तर ती वयावर नाही, उंचीवर ठरते. म्हणून त्या मोहिमेत आशाताईकडे उंची मोजायची पट्टी असते. नव्वद सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला ती देत नाहीत. पाच फुटांची मोठी बाई असेल तर तिला आयव्हरमेक्टिनच्या तीन. म्हणजे एकूण सात गोळ्या झाल्या. त्या एकदाच, त्याच दिवशी. उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत, आधी भाकर-तुकडा खा. बीपीची किंवा साखरेची रोजची गोळी चालू असलेल्यांनीही हे औषध घ्यायचं असतं, फक्त तसं आशाताईला सांगा. अंथरुणाला खिळलेलं, गंभीर आजारी माणूस असेल तर त्याला देऊ नका, डॉक्टरला विचारा. नुकतीच, म्हणजे आठवड्याच्या आत बाळंत झालेल्या बाईला तीन औषधांच्या मोहिमेत गोळी देत नाहीत.

गरोदर बाईबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. गरोदरपणात ही औषधं देत नाहीत. पोटातल्या बाळाच्या बाबतीत धोका पत्करायचा नाही, इतकं साधं कारण. बाळंतपण झालं की पुढच्या वर्षी घ्यायची. पण जिला दुसराच महिना आहे आणि जिनं अजून घरात कोणालाच सांगितलेलं नाही, तिचं काय? आशाताई ओट्यावर बसून, सासरे-दीर समोर असताना विचारते, "पाळी चुकलीय का?" ती मान हलवते, नाही म्हणते आणि सगळ्यांदेखत गोळी घेते. किंवा कारण न सांगता गोळी घ्यायचं टाळते आणि घरातली माणसं तिच्यावर डाफरतात. दोन्ही वाईट. यात आपला बचतगट बरंच करू शकतो. गोळ्या वाटायच्या आदल्या दिवशी गटातल्या दोघी-तिघींनी तरुण सुनांना विहिरीवर, नळावर, जिथे पुरुष नसतात तिथे गाठून सांगायचं, की तारीख पुढे गेली असेल तर आम्हाला खुणेनं सांग, आम्ही आशाताईला सांगतो. एवढ्यानं काम होतं. आणि आशाताईंना आमची विनंती, की बाईला हा प्रश्न स्वयंपाकघरात नेऊन विचारा.

गोळी घेतल्यावर काय होतं? बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना अंग दुखतं, डोकं जड होतं, मळमळतं, कणकण येते, चक्कर येते. एक-दोन दिवसांत ते ओसरतं. हे कोणाला जास्त होतं? ज्याच्या रक्तात पिल्लं जास्त आहेत त्याला. ती एकदम मरतात, शरीर त्यांची विल्हेवाट लावतं, त्याचा हा त्रास. म्हणजे ज्या घरात गोळीनं ताप आला त्या घराला गोळीची जास्त गरज होती, असं समजायला हरकत नाही. गावात मात्र नेमकं उलटं पसरतं. एका पोराला उलटी झाली की दुपारपर्यंत सगळ्या आळीत, "गोळी बाधली." अशा वेळी दडवादडवी करू नका आणि घाबरवाघाबरवही करू नका. त्रास झालेल्याला आडवं करा, पाणी द्या, आशाताईला फोन करा. मोहिमेच्या काळात त्रास झालेल्यांना बघायला डॉक्टरांचं पथक नेमलेलं असतं, त्याचा नंबर तिच्याकडे असतो. उलट्या थांबत नसतील, अंगावर गांधी उठल्या असतील, धाप लागली असेल तर फोनची वाट न पाहता थेट आरोग्य केंद्रात न्या.

अफवाही असतात. ही गोळी मूल होऊ नये म्हणून देतात, ही त्यातली सगळ्यात जुनी. त्यावर उत्तर एवढंच, की यातलं अल्बेंडाझोल गेली कित्येक वर्षं आपल्याच अंगणवाडीत आपलीच मुलं खात आहेत, आणि डीईसी २००४ पासून कोट्यवधी बायांनी घेतली आहे. त्यांना मुलं झाली आहेत. दुसरी शंका, फुकटचं औषध मुदत संपलेलं असतं. ही शंका असेल तर पाकीट किंवा डबी मागा आणि तारीख वाचा. तो तुमचा हक्क आहे. कोणी दाखवायला का कू केलं तर गोळी घेऊ नका आणि उपकेंद्रात कळवा. पण तारीख न बघताच "नको" म्हणणं याला शंका म्हणत नाहीत.

आता कुलपांचा प्रश्न. हा खास आपल्या भागातला. अंबरनाथ-बदलापूरची निम्मी घरं सकाळी मोकळी असतात. माणूस पहाटेच्या लोकलनं गेलेला असतो नाहीतर कंपनीत शिफ्टला, बाई भाजी घेऊन उल्हासनगरच्या बाजारात. आशाताई सकाळी अकराला येते आणि म्हातारी सासू सोडून तिला कोणी भेटत नाही. अशा वस्तीत मोहीम संध्याकाळी सातनंतर आणि रविवारीच व्हायला हवी, असं आम्हाला वाटतं. गटानं आरोग्य केंद्राला तशी मागणी लेखी द्यावी.

भट्टीवरच्या कुटुंबांचं त्याहून अवघड. मोहीम बहुतेकदा फेब्रुवारीत किंवा ऑगस्टमध्ये असते. फेब्रुवारीत जव्हार-मोखाड्याकडची आणि आपल्या भोवतालच्या कातकरी वाड्यांवरची कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर असतात. वाडीवर आशाताई जाते तर झोपड्यांना कुलूप. भट्टीवर कोणी जातच नाही, कारण ती माणसं त्या गावच्या वहीत नाहीत. म्हणजे ज्यांच्या झोपडीला दार नाही, मच्छरदाणी नाही, जी रात्री उघड्यावर झोपतात, तीच दोन्हीकडून सुटतात. गटातल्या बायांना आपल्या शिवारात भट्टी कुठे आहे, तिथे किती कुटुंबं आहेत, हे आरोग्य खात्यापेक्षा चांगलं माहीत असतं. ती यादी आरोग्य सेविकेच्या हातात द्या. आणि भट्टीवाल्या शेठला सांगायला दोघी-तिघी सोबत जा. मजुराचा अर्धा तास जातो म्हणून तो कुरकुर करेल, करू द्या.

डासांबद्दल फार बोलत नाही, कारण ते तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे. एकच फरक सांगतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो. हत्तीरोगाचा क्युलेक्स घाण पाण्यात. तुंबलेली गटारं, उघडी मोरी, संडासची टाकी, आणि आपल्याकडे म्हटलं तर शिवमंदिरापासून उल्हासनगरकडे वाहणाऱ्या वालधुनीचे साचलेले काठ. नदी साफ करणं तुमच्या-आमच्या हातात नाही, त्यासाठी पालिकेमागे लागावं लागेल. पण संडासच्या टाकीच्या वर आलेल्या पाइपाला जाळी बांधणं हातात आहे. जुन्या नायलॉन साडीचा तुकडा आणि दोरी, एवढ्यात होतं. टाकीचं झाकण नीट बसवा, मोरीचं पाणी शोषखड्ड्यात सोडा, आणि मूल मच्छरदाणीत झोपवा.

हे सगळं करून खरंच आजार जातो का? आपल्या शेजारी बघा. श्रीलंकेतून २०१६ मध्ये आणि बांगलादेशातून २०२३ मध्ये हत्तीरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. दोन्हीकडे डास आपल्याइतकेच, पाऊसही आपल्याइतकाच. आपल्या देशानं २०२७ चं लक्ष्य ठरवलं आहे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना नारू आठवत असेल, पायातून दोऱ्यासारखा निघायचा तो. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला, आणि आजच्या मुलांना तो शब्दही माहीत नाही. मोहीम पुरी झाली की पहिली-दुसरीतल्या मुलांचं रक्त तपासतात. ही तपासणी दिवसाही होते, कारण ती रक्तातली पिल्लं नाही, मोठ्या जंताची खूण शोधते. ही मुलं गोळ्या वाटायला लागल्यानंतर जन्मलेली. त्यांच्यात जंत सापडला नाही तर समजायचं, साखळी तुटली.

शेवटी, ज्यांचा पाय आधीच सुजला आहे त्यांच्यासाठी. गोळीनं ती सूज उतरत नाही, हे खरं सांगायला हवं, म्हणजे नंतर राग येणार नाही. पण पाय जपला तर वाढत नाही, आणि वरचेवर येणारा ताप, लाली, ठणका पुष्कळ कमी होतो. तो त्रास कातडीच्या भेगांतून आत शिरणाऱ्या दुसऱ्या जंतूंमुळे होतो. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ साध्या साबणानं आणि साध्या पाण्यानं पाय धुवा, घासू नका. बोटांच्या बेचक्यांत बोट घालून धुवा आणि मऊ कापडानं तिथलं पाणी टिपून घ्या. बेचक ओलं राहिलं की चिखल्या होतात. चिखल्या असतील तर आरोग्य केंद्रातून मलम घ्या. बसताना पाय पाटावर ठेवा, रात्री पायाखाली उशी किंवा गोधडीची घडी घ्या. टाच वर-खाली करायचा व्यायाम भाकरी थापतानाही करता येतो. अनवाणी शेतात जाऊ नका. पाय लाल होऊन ताप आला तर गार पाण्याची पट्टी ठेवा आणि दवाखान्यात जा. शेकू नका, चोळू नका, डाग देणाऱ्याकडे तर जाऊच नका. टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच सरकारकडून हत्तीरोगाच्या रुग्णांना देतात. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, आणि आपल्या बाया लाजेनं नाव नोंदवत नाहीत.

पुरुषांच्या हायड्रोसीलचं मात्र वेगळं आहे. तो ऑपरेशननं बरा होतो. ऑपरेशन लहान आहे आणि सरकारी रुग्णालयात होतं. आपल्या भागात उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जाऊन विचारता येईल. नवरा दहा-दहा वर्षं दुखणं काढतो, ओझं उचलू शकत नाही, कामावर खाडे होतात, घरात चिडचिड करतो, पण डॉक्टरला दाखवत नाही. त्याला तुम्हीच सांगा. एकटा जायला लाजत असेल तर आरोग्य उपकेंद्रातल्या पुरुष आरोग्य सेवकाशी गाठ घालून द्या. बाईपेक्षा त्याच्याशी तो मोकळा बोलेल.